काटा, तूप आणि जिवाणू

मृगाचा दमदार पाऊस झाला की मंगरूळपीर तालुक्यात घरोघरी ओट्यावर, ताडपत्रीवर सोयाबीनचं बियाणं पसरलेलं दिसतं. गुळाच्या पाण्यात रायझोबियमचं पाकीट कालवायचं, ते बियाण्यावर शिंपडून हलक्या हातानं चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि मग पेरायचं. या बीजप्रक्रियेत नवल वाटण्यासारखं आता कुणाला काही उरलेलं नाही. पाकिटातले जिवाणू मुळांवर गाठी धरतात, हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं आणि कृषी खात्यानं ही गोष्ट वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला इतकी वर्षं समजावून सांगितली आहे की जिवाणू हा शेतीचा सोबती असतो, हे आता घरातली शाळकरी मुलंही जाणतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याच सोयाबीनच्या सोंगणीला विळा लागतो आणि बोट कापलं जातं. तेव्हा मात्र आपल्या मनात जिवाणूबद्दल एकच विचार येतो : मारून टाका. जखमेवर झोंबणारं औषध ओततो. जितकं झोंबेल तितकं चांगलं, अशीही एक समजूत आहे. शेतात जिवाणू हवा आणि अंगावर नको, अशी ही विभागणी आहे. ती चुकीची आहे असं मी म्हणत नाही. जखमेतून माणसं मेली आहेत, आजही मरतात. पण गेल्या काही दशकांत जगातल्या निरनिराळ्या प्रयोगशाळांतून असं दिसू लागलं आहे की काही जिवाणू जखम भरून यायला मदत करतात. या शोधाची वाट सरळ नाही. तिचा एक मोठा टप्पा आपल्या मुंबईत, परळला आहे आणि तो टप्पा कळल्याशिवाय पुढचं नीट कळत नाही.

सुरुवात एका काट्यापासून होते.

१८८२ सालच्या अखेरीस इल्या मेचनिकॉफ हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात कुटुंबासह राहत होते. ओडेसा विद्यापीठातली प्राध्यापकी त्यांनी राजकीय दडपणाला कंटाळून सोडली होती. समुद्रातल्या तारामाशाच्या पारदर्शक अळ्या ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. त्या अळ्यांच्या शरीरात काही पेशी इकडून तिकडे फिरताना दिसत. एके दिवशी त्यांना वाटलं, या फिरत्या पेशी बाहेरून आलेल्या शत्रूला घेरत तर नसतील? अंगणातल्या गुलाबाचे काटे काढून त्यांनी अळीच्या अंगात टोचले आणि रात्र अस्वस्थतेत काढली. सकाळी पाहतात तो काट्याभोवती त्या पेशींचा गराडा पडलेला होता.

बाभळीचा काटा पायात मोडला की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. तोवरचे डॉक्टर या सुजेला रोगाचं लक्षण मानत. मेचनिकॉफ म्हणाले, ही सूज म्हणजे शरीराची चढाई आहे. रक्तातल्या भक्षक पेशी जखमेकडे धावतात, जंतू गिळतात आणि मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात. या शोधासाठी १९०८ मध्ये त्यांना पॉल एर्लिश यांच्यासोबत नोबेल मिळालं. जखम भरण्याचं शास्त्र आजही याच पायावर उभं आहे. पुढे जे जे येईल, ते या भक्षक पेशींना मदत करतं की अडवतं, याच कसोटीवर घासायचं आहे. वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं.

मेचनिकॉफ यांचा ओडेसातला एक विद्यार्थी होता, वाल्देमार हाफकिन. जन्म १८६०, ज्यू घराणं. ज्यू असल्यामुळे रशियात त्याच्यासाठी विद्यापीठात प्राध्यापक होण्याच्या वाटा बंद होत्या. १८८८ मध्ये मेचनिकॉफ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले आणि पुढच्या वर्षी हाफकिनही तिथे पोचला. प्रयोगशाळेत जागा नव्हती म्हणून त्यानं ग्रंथालयात सहायकाची नोकरी धरली आणि उरलेल्या वेळात जंतूंवर काम केलं. १८९२ च्या जुलैत त्यानं पटकीची लस स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये तो हिंदुस्थानात आला.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले आणि मुंबई हादरली. ऑक्टोबरात सरकारनं हाफकिनला मुंबईत बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, थोडी माणसं आणि तुटपुंजी साधनं घेऊन त्यानं काम सुरू केलं. प्लेगचा जंतू मांसाच्या रश्शात वाढवायचा होता. गाय आणि डुक्कर दोन्ही वर्ज्य, म्हणून रस्सा बकऱ्याच्या मांसाचा केला. पण जंतूंची वाढ भरपूर होईना. तेव्हा त्यानं रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली रश्शात लोंबू लागले, गुहेच्या छतावरून चुनखडीचे लोंबते खांब वाढावेत तसे. बाटली हलवली की ते तुटून तळाशी बसत आणि तुपाखाली नवे लोंब धरत. काही आठवडे असं पीक घेऊन मग ते उष्णता देऊन मारायचं, टिकावं म्हणून त्यात कार्बोलिक आम्ल घालायचं. ही झाली लस. १० जानेवारी १८९७ ला हाफकिननं ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात, स्वखुशीनं पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली.

आपल्याकडे जखमेवर गावरान तूप लावायची जुनी रीत आहे. हळद-तूप, दगडीपाल्याचा म्हणजेच कंबरमोडीचा रस ही वऱ्हाडातली घरगुती मलमपट्टी. त्याच तुपाचा उपयोग हाफकिननं जंतू वाढवायला केला, ही जोडणी मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे. बाहेरून आलेल्या माणसानं इथल्या स्वयंपाकघरातली वस्तू हाती घेतली आणि तिच्यातून इथल्या माणसांचे प्राण वाचवणारी लस केली. १८९९ च्या ऑगस्टमध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्याची प्लेग संशोधन प्रयोगशाळा थाटली गेली. आज ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

आणि मग मुलकोवाल घडलं.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुलकोवाल गावात प्लेगची लस टोचण्याचं काम चाललं होतं. त्या दिवशी १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस टोचली. आठवड्याभरात त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला. जबडे आवळले, पाठी धनुष्यासारख्या वाकल्या. एकोणीसच्या एकोणीस मेले. सगळ्यांना लस ५३-एन या एकाच बाटलीतून मिळाली होती.

धनुर्वाताचा जंतू मातीत, शेणात, लिदीत राहतो. हवा लागली की त्याची वाढ थांबते, पण बीजरूपानं तो वर्षानुवर्षं टिकून राहतो. टोकदार वस्तूनं झालेल्या खोल, बंद जखमेत हवा पोचत नाही. तिथे तो जागा होतो आणि विष सोडतो. सुईचं एवढंसं छिद्र त्याला पुरेसं झालं.

दोष कुणाचा? सरकारी चौकशीनं बोट परळकडे दाखवलं. हाफकिननं मध्यंतरी लशीत कार्बोलिक आम्ल घालणं बंद करून नुसत्या उष्णतेवर भर दिला होता. पाश्चर संस्थेत चालणारी पद्धत होती ती आणि त्यामुळे उत्पादनही वाढलं होतं. चौकशी समितीनं तोच धागा पकडला. परळहून निघतानाच बाटली दूषित झालेली असावी, असं अनुमान काढलं गेलं. हाफकिनला पद सोडावं लागलं. १९०४ मध्ये तो लंडनला परतला, कलंक घेऊन.

पण चौकशीच्याच कागदांत एक साधी नोंद होती. मुलकोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुडवून काढला आणि त्याच चिमट्यानं बूच उपटलं. शिवाय बाटली जर मुंबईतच बिघडली असती, तर इतक्या दिवसांत तिच्यातून कुबट वास आला असता. टोचणाऱ्या डॉक्टरनं वास घेऊन पाहिला होता, वास नव्हता. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनंही मत दिलं की बाटली उघडतानाच माती आत गेली असण्याची शक्यता जास्त आहे. रोनाल्ड रॉस, डब्ल्यू. जे. सिम्प्सन यांनी हा अन्याय धसाला लावला. १९०७ च्या जुलैत लंडनच्या 'टाइम्स'मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांनी सह्यांचं पत्र छापलं, तेव्हा कुठे सरकारनं हाफकिनला पुन्हा नोकरी देऊ केली. तो कलकत्त्याला परत आला. परळची प्रयोगशाळा मात्र त्याच्या हाती पुन्हा आली नाही.

जखमेवर जिवाणू लावण्याची गोष्ट सांगायला निघालेला लेखक मुलकोवालला इतका वेळ का थांबला, असं कुणी विचारील. थांबायलाच हवं. जंतूंच्या पिकाला औषध म्हणायचं असेल, तर त्या बाटलीत हवा तोच जंतू आहे आणि दुसरा एकही नाही, याची खात्री बाटली तयार होण्याच्या क्षणापासून ती माणसाच्या अंगाशी पोचेपर्यंत द्यावी लागते. हाफकिनच्या बाटलीतले जंतू मेलेले होते, तरी ही वेळ आली. पुढच्या काळातल्या बाटल्यांत जिवंत जंतू असणार होते.

आपल्या खेड्यांना हा धडा पंजाबातून शिकायची गरज नव्हती. जखमेवर शेण, राख, चूलमाती लावायची, बाळाच्या नाळेवरही तेच लेपायचं, आणि आठवड्यात बाळ दूध ओढेनासं व्हायचं, ताठरायचं. किती घरांतून अशी बाळं गेली, त्याची मोजदाद तेव्हा कुणी ठेवली नाही. आयांना टिटॅनसची लस, स्वच्छ पातं, दवाखान्यात बाळंतपण हे सगळं झालं, तेव्हा २०१५ मध्ये हिंदुस्थानातून माता-बालकांचा धनुर्वात हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. मंगरूळपीरच्या ग्रामीण रुग्णालयात काटा लागल्यावर मिळणाऱ्या धनुर्वाताच्या इंजेक्शनामागे एवढा इतिहास आहे.

इकडे हाफकिन कलंक सोसत होता त्याच वर्षांत पॅरिसमध्ये त्याचे गुरुजी दह्याकडे वळले होते. १९०४ च्या जूनमध्ये मेचनिकॉफ यांनी म्हातारपणावर एक व्याख्यान दिलं. आतड्यातले कुजवणारे जंतू माणसाला लवकर थकवतात, आणि दुधाचं दही लावणारे जंतू त्या कुजवणाऱ्यांना हटवतात, असं त्यांचं म्हणणं होतं. १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरॉव्ह या तरुण बल्गेरियन डॉक्टरनं जिनिव्हात आपल्या मुलखातल्या दह्यातला दांडीसारखा जिवाणू शोधून काढला. मेचनिकॉफ यांनी पुढे त्याचाच पुरस्कार केला, स्वतः आंबवलेलं दूध रोज प्यायले. युरोपभर दह्याच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. दीर्घायुष्याचा दावा फारसा टिकला नाही. पण एका जंतूनं दुसऱ्याला हटवायचं, ही कल्पना टिकली. १९१५ मध्ये ग्लासगोच्या डॉ. डेव्हिड न्यूमन यांनी दह्याच्या जातीच्या जिवाणूंचं पीक मूत्राशयाच्या जुनाट संसर्गावर वापरून पाहिलं आणि ते 'लॅन्सेट'मध्ये छापलं. म्हणजे हे जिवाणू तोवर पोटातून बाहेर पडून दुखऱ्या जागेपर्यंत आले होते.

त्याच १९१५ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर बुलोनला, युद्धातल्या जखमींच्या दवाखान्यात, दोन ब्रिटिश डॉक्टर बसले होते. एक ऑल्मरोथ राइट. १८९८ मध्ये प्लेग कमिशनचा सभासद म्हणून तो हिंदुस्थानात येऊन गेला होता आणि हाफकिनच्या लशीची छाननी त्यानं केली होती. दुसरा त्याचा सहायक, अलेक्झांडर फ्लेमिंग. शेणखत घातलेल्या शेतांत खंदक खणले होते. गोळ्यांबरोबर कपड्यांच्या चिंध्या आणि माती मांसात खोल जाई. सैनिकांच्या जखमा सडत. जखमेत जंतुनाशक वापरण्याची रीत घालून देणाऱ्या लिस्टरपासूनच्या रिवाजाप्रमाणे डॉक्टर त्यांत कार्बोलिक, बोरिक, हायपोक्लोराइट ओतत. फ्लेमिंगनं काचेची नळी तापवून तिला आतल्या बाजूनं काट्यांसारखे फाटे काढले, जखमेच्या कोनाकोपऱ्यांची नक्कल केली आणि जंतू भरून त्यात जंतुनाशक ओतलं. थोड्या वेळानं ते काढून नवा रस्सा भरला की फाट्यांत दडलेले जंतू पुन्हा वाढत. म्हणजे औषध कोपऱ्यांपर्यंत पोचतच नव्हतं. आणि जिथे पोचत होतं तिथे जंतूंच्या आधी मेचनिकॉफच्या भक्षक पेशींना मारत होतं.

ही गोष्ट ऐकून घ्यायला त्या वेळी थोडेच डॉक्टर तयार होते. झोंबणारं औषध जखमेत ओतणं हे काहीतरी केल्याचं समाधान देतं, आणि ते समाधान सोडणं कठीण असतं. पुढे १९२८ मध्ये याच फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडलं, दुसऱ्या महायुद्धात ते हाती आलं आणि जखमेचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. दहीवाल्या जिवाणूंची कल्पना मागे पडली. काही दशकं तिची कुणाला गरज वाटली नाही.

गरज पुन्हा भासली ती भाजलेल्यांच्या वॉर्डात. भाजलेल्या जागी सूडोमोनास नावाचा जंतू बसला, तर हिरवट पू, विशिष्ट उग्र वास आणि न भरणारी जखम असं दुखणं मागे लागतं. हा जंतू जखमेवर चिकट पडदा विणतो आणि त्याच्या आड बसतो. प्रतिजैविकं पडद्यापाशीच थांबतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याशी झगडून हा जंतू आता कित्येक औषधांना जुमानत नाही. मधुमेहानं पायाला झालेल्या जखमेचं दुखणंही तसंच आहे. पायाची जाणीव गेलेली, रक्ताचा पुरवठा कमी, महिना-महिना ड्रेसिंग चालूच. आपल्या भागात अनवाणी वावरात जाणाऱ्या माणसाला आता मधुमेहही होऊ लागला आहे. तेव्हा ही दूरदेशीची गोष्ट राहिलेली नाही.

अर्जेंटिनातला तुकुमान हा उसाच्या शेतांचा प्रांत. दह्याच्या जातीच्या जिवाणूंचा अभ्यास तिथे बराच काळ चालत आला आहे. २००५ मध्ये तिथल्या विद्यापीठातल्या वाल्देस आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला. त्यांनी निवडलेला जिवाणू होता लॅक्टोबॅसिलस प्लांटारम. हा आंबवलेल्या भाज्यांत, लोणच्यांत, आंबवलेल्या धान्यात सर्रास आढळतो. उंदरांच्या भाजलेल्या कातडीत सूडोमोनास सोडला आणि काहींना नंतरच्या दिवसांत प्लांटारम टोचला. ज्यांना तो मिळाला, त्यांच्या जखमेत, यकृतात, प्लीहेत सूडोमोनास कमी सापडला. जखम नीट भरली. आणि जखमेतल्या भक्षक पेशी शत्रूला जास्त जोमानं गिळताना दिसल्या. मेसिनातल्या त्या काट्याचं मला इथे स्मरण होतं. फ्लेमिंगनं दाखवलं की जंतुनाशकं भक्षकांना मारतात. तुकुमानच्या जिवाणूनं त्यांना बळ दिलं.

हे कसं घडतं, त्याची उत्तरं एकापेक्षा जास्त आहेत. प्लांटारम लॅक्टिक आम्ल तयार करतो. धडधाकट कातडीचा पृष्ठभाग मुळात आम्लधर्मी असतो. जुनाट जखम मात्र अल्कधर्माकडे झुकते आणि उपद्रवी जंतूंना ते मानवतं. आम्ल आलं की त्यांची सोय जाते. दुसरं कारण अधिक गमतीचं आहे. सूडोमोनास एकेकटा हल्ला करत नाही. पुरेशी संख्या जमली की रासायनिक निरोपांतून तो आपल्या भाईबंदांना इशारा देतो आणि मगच सगळे मिळून विष सोडतात, पडदा विणतात. प्लांटारमनं रश्शात सोडलेली द्रव्यं हे निरोप बंद पाडतात, असं त्याच प्रयोगांत दिसलं. तिसरं कारण शेतकऱ्याला सांगावं लागत नाही : रिकामं पडलेलं वावर तण धरतं, आणि ज्या जमिनीवर पीक दाट आहे तिथे तणाला डोकं वर काढायला जागा उरत नाही.

२००९ मध्ये त्याच तुकुमानच्या पेराल आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या माणसांवर प्लांटारम वापरून त्याची तुलना सिल्व्हर सल्फाडायझिनशी केली. भाजल्यावर लावायचं ते पांढरं मलम मंगरूळपीरच्याही औषधाच्या दुकानात मिळतं. परिणाम साधारण तोडीचे निघाले. पुढच्या वर्षी त्यांनी पायाच्या जुनाट, चिघळलेल्या जखमांवरही तो वापरला, मधुमेही आणि मधुमेह नसलेल्या दोन्ही प्रकारच्या रोग्यांत, आणि बऱ्याच जखमा स्वच्छ होऊन भरू लागल्या. रोग्यांची संख्या मोठी नव्हती. एवढ्यावरून जगानं आपले मलमपट्टीचे नियम बदलावेत, असं कुणी जबाबदार डॉक्टर म्हणणार नाही, मीही म्हणत नाही.

आणि इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. हे वाचून कुणीही घरचं दही किंवा आंबील जखमेवर लावू नये. घरच्या विरजणात कोणकोणते जिवाणू आणि बुरश्या आहेत, ते घरालाही माहीत नसतं. प्रयोगशाळेतला प्लांटारम ओळखलेला, निवडलेला, एकटा वाढवलेला आणि मोजून घातलेला असतो. शिवाय अगदी क्षीण झालेल्या रोग्यांत दह्याच्या जातीचे जिवाणूही रक्तात शिरल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. मुलकोवालच्या १९ जणांनी प्राण देऊन जे शिकवलं, ते विसरण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तुकुमाननंतर संशोधनाला अनेक फाटे फुटले. आपल्या कातडीवर मुळातच राहणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, ज्याला पूर्वी कुणी मोजत नसे, तो जखमेनंतरची अवाजवी सूज शांत करतो, असं २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिचर्ड गॅलो यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्याच यास्मिन बेल्काइद यांच्या गटाला आढळलं की हाच जिवाणू कातडीतल्या विशिष्ट रक्षक पेशींना तयार करतो आणि त्या पेशी जखम भरण्याचा वेग वाढवतात. म्हणजे बाहेरून आणण्याआधी, अंगावर जे आहेत त्यांना सारखं मारत राहणं तरी थांबवावं का, हा प्रश्न उभा राहतो. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपण रोज जंतुनाशक साबण, जंतुनाशक पाणी, जंतुनाशक पावडर वापरतो. त्यातलं किती खरोखर लागतं?

बोस्टनजवळच्या एमआयटीत २०१३ मध्ये उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी मिसळला, तर कातडीवरच्या जखमा साध्या उंदरांच्या मानानं दुप्पट वेगानं भरल्या. जिवाणू पोटात आणि परिणाम पाठीवर. त्यामागे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक निघालं, जे आई बाळाला पाजते तेव्हा तिच्या शरीरात वाढतं.

स्वीडनमधल्या उप्सालाला याहून धाडसाचं पाऊल उचललं गेलं. मिया फिलिपसन आणि स्टेफान रोस यांच्या गटानं याच रॉयटेरीमध्ये एक जनुक घातलं, म्हणजे जखमेवर बसून तो जिवाणू स्वतःच भक्षक पेशींना बोलावणारं प्रथिन तयार करू लागेल. असं प्रथिन जखमेत नुसतं घातलं तर तिथली पाचकद्रव्यं त्याचा लवकर नाश करतात. जिवाणूच्या आम्लामुळे तो नाश मंदावतो. उंदरांत जखमा लवकर बुजल्या, हे २०१८ मध्ये छापलं गेलं. पुढे ३६ निरोगी स्वयंसेवकांच्या दंडावर मुद्दाम लहान जखमा करून त्यांवर तो लावून पाहिला आणि तो सोसवतो असं दिसलं. त्याचा अहवाल २०२३ मध्ये आला. आजारी माणसांवरच्या मोठ्या परीक्षेचा टप्पा यापुढचा आहे.

महाराष्ट्रात या विषयाचा पाया पुण्यात घातला गेला आहे. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्या पुढाकारानं सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह उभा राहिला. या मातीतले, पाण्यातले, माणसांच्या अंगावरचे जिवाणू तिथे ओळखून, नाव देऊन, गोठवून जपले जातात. २०२० मध्ये याच केंद्रातल्या संशोधकांनी एकत्र कुटुंबात राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या पोटातले, तोंडातले आणि कातडीवरचे जिवाणू तपासले आणि वयाप्रमाणे ते बदलत जातात असं मांडलं. आजोबाच्या कातडीवरची वस्ती नातवाच्या कातडीवरच्या वस्तीसारखी नसते. स्वीडनमध्ये किंवा अर्जेंटिनात उपयोगी पडलेला जिवाणू वऱ्हाडात, मे महिन्याच्या उन्हात, घामेजलेल्या कातडीवर तसाच उपयोगी पडेल, असं धरून चालता येत नाही. ते इथे, इथल्या माणसांवर, इथल्या जखमांवर तपासावं लागेल.

ते तपासायला माणसं लागतील आणि जागाही. हयात कलंदरांचा दर्गा आणि बिरबलनाथ महाराजांचं मंदिर ज्या गावाची ओळख आहे, ते मंगरूळ इंग्रजी अमदानीत बाशीम म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यातला तालुका होतं. १९०५ मध्ये, हाफकिन लंडनमध्ये न्यायाची वाट पाहत असताना, तो जिल्हा मोडून ते अकोल्याला जोडलं गेलं. १९९८ मध्ये वाशीम पुन्हा जिल्हा झाला. या सगळ्या काळात मोठी जखम म्हटली की रोग्याला घेऊन अकोला गाठायचं, नाहीतर थेट नागपूर. २०२४ च्या ऑक्टोबरात वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. जिल्ह्यात मधुमेही पायांच्या जखमांची नीट नोंद ठेवणारा, पुवाचे नमुने तपासून कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही हे लिहून ठेवणारा विभाग तिथे उभा राहू शकतो. जिवाणूंच्या औषधाची परीक्षा घ्यायची तर अशा नोंदींपासूनच सुरुवात करावी लागते. हाफकिनच्या लशीची परीक्षाही भायखळ्यात कोण आजारी पडलं आणि कोण नाही, याच्या नोंदींवरच झाली होती.

मग उरतो वाहतुकीचा प्रश्न. हाफकिनची लस मेलेल्या जंतूंची होती. ती आगगाडीच्या डब्यातून पंजाबपर्यंत जाऊ शकली. जखमेवरचे हे जिवाणू जिवंत पोचले तरच कामाचे. त्यासाठी ते गोठवून वाळवतात, भुकटी करून सीलबंद ठेवतात आणि लावायच्या वेळी निर्जंतुक पाण्यात कालवतात. भुकटी कोरडी आणि थंड राहिली तर जिवाणू टिकतात, उकाड्यात आणि दमटपणात मरतात. लशी साठवण्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांत शीतपेट्या आहेत, त्यांच्या तापमानाची दिवसातून दोनदा नोंद करणारे कर्मचारीही आहेत. वीज गेली तरी लस वाचवायची कशी, हे पोलिओच्या मोहिमांनी त्यांना शिकवलं आहे. औषध सिद्ध होऊन आलं, तर ते साठवायची जागा आणि ते सांभाळणारे हात मंगरूळपीरजवळ आजच आहेत.